बिगफूटची चप्पल

टीव्हीवर राक्षस शोधणारे कार्यक्रम चार-दोन पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. राक्षस सापडला तर कार्यक्रम बंद पडेल. त्यामुळे शोध अगदी जीव तोडून चाललेला असतो, पण तो सापडणार नाही याची काळजीही तेवढ्याच निष्ठेने घेतलेली असते. ‘फाइंडिंग बिगफूट’ हा कार्यक्रम ॲनिमल प्लॅनेटवर २०११ साली सुरू झाला आणि २०१८ साली संपला. अमेरिकेच्या जंगलात राहणारा, दोन पायांवर चालणारा, अंगभर केस असलेला एक धिप्पाड प्राणी शोधायला चौघेजण निघाले होते. त्यांनी राज्यामागून राज्यं पालथी घातली, काळोखात झाडांच्या बुंध्यांवर दांडके आपटले, बिगफूट ओरडतो म्हणे तसे घसा फाटेस्तोवर हाकारे घातले. बिगफूट काही आला नाही. कार्यक्रमाचं नाव शेवटपर्यंत ‘फाइंडिंग’च राहिलं.

आमचे काका हा कार्यक्रम हिंदी डबिंगमध्ये नेमाने बघायचे. उमेदीची वर्षं त्यांनी रापणीवर घालवलेली. बिगफूट आहे की नाही याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं, कुतूहल होतं ते त्या चौघांच्या पगाराचं. “मासो गावत नाय तरी पगार गावता,” ते म्हणायचे, “असली रापण आमका खय गावली नाय.” रापणीचा हिशोब साधा असतो. सगळ्यांनी मिळून ओढायची आणि जाळ्यात येईल त्याचे वाटे करायचे. जाळ्यात नुसता पालापाचोळा आला तर प्रत्येकाच्या वाट्याला पालापाचोळा. टीव्हीवाल्यांनी यातून तोड काढली. पालापाचोळाच दाखवायचा, पण हिरव्या उजेडात आणि ढोल वाजवत.

हिरवा उजेड महत्त्वाचा. शोध नेहमी रात्रीच चालतो. दिवसा, चांगलं शंभर हातांवरचं दिसत असताना, कोणी शोधायला बाहेर पडत नाही. रात्री पाहणाऱ्या कॅमेऱ्यात सगळ्यांचे चेहरे शेवाळी आणि डोळे पांढरेफटक दिसतात, म्हणजे अख्ख्या कार्यक्रमात भुतासारखे दिसतात ते शोधणारेच. मग झुडपात काहीतरी हलतं. “वो क्या था?” असं कोणीतरी कुजबुजतो आणि लगेच जाहिराती लागतात. जाहिराती संपल्या की तोच प्रसंग पुन्हा पहिल्यापासून. झुडूप पुन्हा हलतं, तोच माणूस पुन्हा घाबरतो आणि शेवटी शेपटी फेंदारून एखादं रानमांजर बाहेर पडतं. आमची आजी जाहिरातींच्या वेळात तांदूळ निवडून घ्यायची. त्या तासाभरात घरात निश्चित काही सापडलं असेल तर ते तिला, आणि ते बहुधा खडे असायचे.

या धंद्याला परंपरा मोठी आहे. स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरातल्या राक्षसाचा जगप्रसिद्ध फोटो १९३४ सालचा. लांब मान, चिमुकलं डोकं, भोवती पाण्याचे तरंग. तो काढणारा डॉक्टर प्रतिष्ठित, त्यामुळे फोटोही प्रतिष्ठित. साठ वर्षांनी, १९९४ साली, उघड झालं की ती खेळण्यातली पाणबुडी होती आणि तिच्यावर मान बसवलेली होती. मधल्या साठ वर्षांत त्या खेळण्याच्या जिवावर किती हॉटेलं चालली असतील, हे पर्यटनावर जगणाऱ्या आम्हा मालवणकरांनी तरी आदरानेच मोजायला हवं. पुढे २०१८ साली न्यूझीलंडच्या नील गेमेल या शास्त्रज्ञाने सरोवराच्या पाण्याचे नमुने घेऊन त्यात कोणाकोणाचा डीएनए आहे ते तपासलं. प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नव्हता. ईल माशाचा डीएनए मात्र जिथे तिथे मिळाला. ईल म्हणजे आपली वाम. बातमी ऐकून काका थोडे हिरमुसले. “वाम? तेच्यासाठी नव्वद वर्सां? माका इचारल्यानी असता तर बाजारातसून आणून दिलंय असतंय.”

यतीचंही तसंच झालं. हिमालयातल्या मठांतून आणि संग्रहालयांतून यतीचे म्हणून जपलेले केस, हाडं, दात, कातडी असे नऊ नमुने शास्त्रज्ञांनी तपासले आणि २०१७ साली निकाल जाहीर केला. आठ अस्वलं निघाली. नववा कुत्रा होता. मला त्या कुत्र्याचं फार कौतुक वाटतं. जिवंतपणी त्याला कोणी दारात उभं केलं नसेल, आणि मेल्यावर यती म्हणून इतका मान!

समुद्राकडेही कॅमेरे वळले. २०१२ साली ॲनिमल प्लॅनेटने मत्स्यकन्यांवर माहितीपट असल्याचा आव आणून एक कार्यक्रम दाखवला. त्यातले शास्त्रज्ञ नट होते. तरी लोकांनी इतकं खरं मानलं की अमेरिकेच्या समुद्र आणि हवामानाचं काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेला, मत्स्यकन्या असल्याचा कोणताही पुरावा मिळालेला नाही, असा अधिकृत खुलासा करावा लागला. पुढच्याच वर्षी डिस्कव्हरीने लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेली मेगालोडॉन नावाची महाकाय शार्क अजून जिवंत आहे, अशी हूल उठवली. तेही बेतलेलंच. तो भाग आमच्याकडे सगळ्यांनी मिळून पाहिला. शार्क म्हणजे आमची मोरी, आणि मोरीचं मटण म्हणजे काय हे मालवणच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पडद्यावर ते अजस्र धूड होडीखालून सरकत गेलं, संगीत टिपेला पोचलं, निवेदकाचा आवाज कापू लागला आणि आमची काकी शांतपणे म्हणाली, “येवढ्या मोरीक मसालो खयसून पुरतलो?” त्यानंतर पाऊण तास चर्चा झाली ती खोबरं किती वाटावं लागेल आणि मोरी चिरायला कोणाला बोलवावं यावर. मेगालोडॉनची दहशत आमच्या घरात तरी टिकली नाही.

आता एखाद्या वाहिनीने आपला ताफा घेऊन आमच्याच जिल्ह्यात यायचं ठरवलं, तर? सामग्री मुबलक आहे. गावाच्या सीमेवरून रात्री फिरणारा देवचार आहे, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पिंपळावर मुंजा आहे. ओहोळाच्या डोहात गिरा आहे. ओळखीच्याच वाटेवर माणसाला पहाटेपर्यंत गोल गोल फिरवणारा चकवा आहे, जरी हल्ली त्याचं बरंचसं काम मोबाइलवरचा नकाशा परस्पर करतो. तो रात्रीच्या वेळी पुण्याच्या गाड्या थेट कोणाच्या तरी मळ्यात नेऊन सोडतो. दक्षिण कोकणात बायंगी नावाचं एक भूत आहे. ते म्हणे विकत आणता येतं आणि मालकाला पैसा मिळवून देतं. एखाद्याने जुनं कौलारू पाडून स्लॅबचं घर बांधलं की वाडीत बायंगीची कुजबुज सुरू होते. घरमालकाने बँकेचं कर्ज काढलंय आणि हप्ते भरताना त्याच्या नाकी नऊ आलेत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कर्जाची गजाल किती वेळ रंगणार?

अडचण एवढीच की यातल्या कोणालाही शोधावं लागत नाही. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला आहे. कुठला पिंपळ, कुठला डोह, कुठल्या वळणावरची घाटी, शाळेतलं पोरही सांगेल. बिगफूट बिचारा अख्ख्या खंडभर भटकतो, त्याला ना गाव ना घर. आमच्याकडच्यांना हद्द आहे, मान आहे, वर्षाचं काय ते नेमाने पोचतं. सातबाऱ्यावर तेवढं नाव नाही, आणि ते एका अर्थी बरंच आहे, कारण तिथे आधीच चुलत-चुलत भावकीची इतकी गर्दी झालेली असते की भुताला सहीसाठी मुंबईहून बोलवावं लागलं असतं. आमचा सगळा आटापिटा ते भेटू नयेत यासाठी असतो. भेटलेच तर ओळख न दाखवता पुढे जावं अशी रीत आहे. त्यांच्या मागे दिवे घेऊन धावायचं, ही कल्पनाच आमच्याकडे अडाणीपणाची समजतात.

तरी ताफा आलाच असं धरू. पहिल्या दिवशी साक्षीदार लागतात. पानाच्या टपरीवर एक गृहस्थ मिळतो. तो देवचाराचं वर्णन असं करतो की निवेदिका लिहून घेताना थांबते आणि खुशीत विचारते, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?

“मी? मी बगूक नाय. खोटा कित्याक सांगू? माझ्या मावसभावाच्या मेवण्यान बगल्यान.”

“ते कुठे भेटतील?”

“तो आता डोंबिवलीक.”

“इकडे कधी येतात?”

“चतुर्थीक येतलो. नायतर मे महिन्यात. रजेचा काय ता.”

सबंध जिल्हा फिरा, यापलीकडे काही मिळायचं नाही. भूत पाहिलेला माणूस कायम डोंबिवलीला असतो, फार तर लालबागला. सांगणारा त्याच्या वतीने सांगतो, आणि सांगता सांगता त्यात आपल्या पदरची भर घालतो. म्हणून त्याला खोटारडा म्हणता येत नाही, कारण मी पाहिलं असं तो कधी म्हणतच नाही. ही सावधगिरी कोर्टकचेऱ्यांच्या पिढीजात अनुभवातून आली असावी. उलटतपासणीत न सापडणारा साक्षीदार घडवायला दोन-तीन पिढ्या जमिनीचे दावे चालवावे लागतात.

मग यंत्रं बाहेर निघतात. उष्णता टिपणारे कॅमेरे, चुंबकीय क्षेत्र मोजणारी डबी, दुरून चालणारं ड्रोन. लाल दिवा लुकलुकला की ‘इथे काहीतरी आहे’ असं समजायचं. आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीच्या अंगावर ठरावीक जागी पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवायचे आणि वाट पाहायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. निष्कर्षाच्या खात्रीबद्दल मी बोलत नाही, पण या पद्धतीला बॅटरी लागत नाही आणि पावसात वीज गेली तरी काम अडत नाही, ही आमच्या भागात फार मोठी सोय आहे.

ताफा जंगलात शिरण्याआधी गाऱ्हाणं घालावं लागेल, त्यातून सुटका नाही. गावचे जाणते गृहस्थ देवळासमोर उभे राहतील, हात जोडतील आणि सुरू करतील.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या ठिकाणी मुंबयसून दिल्लीसून जी काय लेकरां आपले कॅमेरे, दिवे, वायरी घेवन तुझ्या सीमेत इली आसत…”

“होय म्हाराजा!”

“तेंका जा काय व्हया ता दिसांदे, पण लय जवळसून दिसाक नको…”

“होय म्हाराजा!”

“तेंची बॅटरी टिकांदे, तेंचा ता उडणारा यंत्र माडार अडकाक नको…”

“होय म्हाराजा!”

“आणि जाताना लॉजचा नि जेवणाचा बिल चुकता करून जावची तेंका बुद्धी दी रे म्हाराजा!”

इथला होकार तीन वाड्यांपलीकडे ऐकू जाईल.

रात्री मात्र आवाजांची कमतरता पडणार नाही. सुकं चुडत माडावरून सुटलं की पंधरा-वीस हातांवरून येतं आणि जमिनीवर आपटताना असा आवाज करतं की नवख्या माणसाने रामरक्षा म्हणावी. पिकलेला फणस पडला तर रामरक्षाही आठवत नाही. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. माळ्यावर उदमांजराचं कुटुंब रात्रभर सामान हलवत असतं. पहिल्या पावसात काळोखात दूर कुठेतरी उजेड एका रेषेत हलताना दिसतो, थांबतो, खाली वाकतो, पुन्हा चालू लागतो. ताफ्यातल्या कोणाचाही श्वास अडकावा असं ते दृश्य असतं. जवळ गेल्यावर कळतं की शेजारच्या वाडीतले तिघे कुर्ल्या धरायला निघालेत, आणि तुमच्या दिव्यांनी त्यांच्या कुर्ल्या बिळात पळाल्या. यानंतर जे ऐकू येईल ते वाहिनीला दाखवता येणार नाही. प्रत्येक शब्दावर ‘टीं’ करावं लागेल आणि भाग अर्ध्या तासाचा उरेल.

एवढं करून हात हलवत परत जायचं नसेल तर त्यांनी आरवलीला जावं. वेंगुर्ले तालुक्यात, शिरोड्याला लागून हे गाव आहे. तिथला वेतोबा म्हणजे वेताळ, भुताखेतांचा राजा, पण गावाचा राखणदार. मूर्ती नऊ फुटांच्या आसपास उंच, उभी. तो रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो अशी श्रद्धा आहे, आणि एवढं चालून पायातलं झिजणारच. म्हणून भक्त त्याला चामड्याच्या चपला वाहतात, त्याच्या मापाच्या. देवळात त्या मांडलेल्या असतात. एकेक चप्पल अशी की उचलायला दोन्ही हात लागावेत. पट्टे, अंगठा, शिवण, सगळं व्यवस्थित, बाजारातल्या कारागिराने जसं पायताण शिवावं तसं. जोडीला केळ्यांचे घड.

मी पहिल्यांदा त्या चपला पाहिल्या तेव्हा मला अमेरिकेतल्या त्या चौघांची आठवण झाली. तिकडे चिखलात मोठं पाऊल दिसलं की त्यात प्लॅस्टर ओततात, साचा काढतात, इंचपट्टी लावतात, विद्यापीठात पाठवतात आणि हे कोणाचं यावर भांडतात. आमच्याकडे एवढ्या मोठ्या पायाचा कोणी रात्रीबेरात्री फिरतो म्हटल्यावर लोकांच्या मनात पहिला विचार आला तो अनवाणी कसा फिरेल हा. जगाच्या पाठीवर बिगफूटला चप्पल घेऊन देणारी माणसं फक्त वेंगुर्ले तालुक्यात असावीत. खरं-खोटं ज्याचं त्याने ठरवावं. मी स्वतः या बाबतीत काठावर बसणारा माणूस आहे. पण पाहुणचाराच्या परीक्षेत आरवलीला पैकीच्या पैकी द्यावे लागतील.

एप्रिल २०१९ मध्ये आपल्या भारतीय सैन्याने ट्विटरवर फोटो टाकून सांगितलं की मकालू बेस कॅम्पजवळ त्यांच्या गिर्यारोहण पथकाला यतीच्या पावलांचे ठसे दिसले, बत्तीस इंच लांब आणि पंधरा इंच रुंद. देशभर टिंगल झाली. आमच्याकडे काकांनी चष्मा लावून फोटो निरखला. ठसे एकामागे एक, एकाच रेषेत होते. “बत्तीस इंच म्हंजे माप आरवलीचा दिसता,” ते म्हणाले, “पण ह्यो एकाच पायान गेलो काय? मगे एकच चप्पल पुरे.” आजीने आतून आवाज दिला, “देवाची थट्टा नको.” त्यावर काकांनी वेतोबा आपली सीमा सोडून हिमालयात कशाला जाईल असा शास्त्रशुद्ध खुलासा केला आणि विषय मिटला. त्या वेतोबावर २०२३ साली मराठी वाहिनीवर मालिकाही आली. शोधायला कोणी गेलं नाही, सरळ बोलावलं आणि तो आला.

टीव्हीने आमच्याकडची भुतं गाजवली ती त्याआधीच, ‘रात्रीस खेळ चाले’मधून. ही मालिका २०१६च्या फेब्रुवारीत सुरू झाली, सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या एका वाड्यात तिचं चित्रीकरण होत होतं. सुरुवातीला कोकणाची बदनामी होते म्हणून आरडाओरड झाली. नंतर त्या वाड्यासमोर फोटो काढणाऱ्यांच्या गाड्या लागायला लागल्या आणि आरडाओरड आटोपली. पुढे दुसरं पर्व आलं, तिसरं आलं, अण्णा नाईक आणि शेवंता घराघरांत पोचले. मालिकेत भुतांइतकाच गोंधळ इस्टेटीवरून होता, आणि तेवढा भाग निखळ वास्तववादी होता असं मी शपथेवर सांगेन. भुतांच्या भागाबद्दल मात्र मला शंका आहे. आमच्याकडे बाराव्या-तेराव्याला सगळी भावकी एका ओसरीवर बसली की भुताला मध्ये बोलायला फटच मिळत नाही.

एवढं सगळं असलं तरी शोधमोहिमेचा थरार ज्याला घ्यायचा असेल त्याने देवबागला जाऊन डॉल्फिनच्या होडीत बसावं. त्यातला प्राणी तरी खरा आहे. सकाळी आठच्या सुमाराला होडी निघते. नारिंगी जाकिटं आदल्या दिवशीच्या पाण्याने ओली असतात आणि त्यांना मिठाचा, डिझेलचा आणि आधीच्या गिऱ्हाइकाचा वास असतो. होडीवाला मागे उभा, एक हात इंजिनाच्या दांड्यावर, नजर पाण्यावर. मी गेलो तेव्हा एका पुणेकर गृहस्थांनी बसण्याआधीच विचारून घेतलं, “डॉल्फिन नाही दिसला तर पैसे परत का?” होडीवाल्याने समुद्राकडे पाहिलं. “तेका इचारून सांगतंय,” तो म्हणाला, आणि इंजिनाची दोरी ओढली.

अर्धा तास काही नाही. मग होडीवाला ओरडतो, “थय! थय!” सगळे एका बाजूला झुकतात, होडी कलते, तो आणखी जोराने ओरडतो, “बसा! बसा!” पाण्यातून करड्या पाठीचा एक तुकडा वर येतो, त्यावरचा उंचवटा दिसतो, आणि दिसला म्हणेपर्यंत पाणी मिटतं. पुढच्या वेळी तो दुसऱ्या बाजूला निघतो. सगळे पुन्हा धावतात. उतरल्यावर सगळ्यांनी आपापले मोबाइल तपासले. एकाच्या फोनमध्ये स्वतःचा अंगठा होता, दुसऱ्याच्या फोनमध्ये तिरपं क्षितिज, एका ताईंना जाकिटाची क्लिप फार स्पष्ट मिळाली होती. पुणेकर गृहस्थांच्या चित्रफितीत नुसता समुद्र होता आणि मागून त्यांचाच आवाज, “तो बघ, तो बघ, गेला!” सात-आठ माणसांनी दिवसाउजेडी, शांत समुद्रात, खराखुरा प्राणी पाहिला आणि पुरावा म्हणाल तर हा! कॅलिफोर्नियात १९६७ साली घेतलेली बिगफूटची ती हलती, धूसर चित्रफीत मी नेहमी हसून उडवत आलो होतो. त्या दिवशी घेणाऱ्याबद्दल थोडी सहानुभूती वाटली. प्राण्याबद्दल नाही.

आणि खरे प्रचंड प्राणी तर कोणालाही न कळवता येऊन जातात. २०१५ साली देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरसमोरच्या समुद्रात डॉल्फिन आणि देवमाशांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांना निळ्या देवमाशाची मादी आणि तिचं पिल्लू दिसलं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जवळपास शंभर वर्षांनी झालेलं दर्शन म्हणून तेव्हा बातम्या आल्या. निळा देवमासा म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातला आपल्याला माहीत असलेला सगळ्यात अवजड प्राणी, वाढला तर तीस मीटरपर्यंत. डायनासोर त्याच्यापुढे काडी पैलवान. असा प्राणी कुणकेश्वराच्या दारात लेकरू घेऊन आला आणि गेला. ढोल नाहीत, हिरवा उजेड नाही. ती मंडळी साध्या होडीतून दिवसच्या दिवस उन्हात बसत, कोळ्यांना विचारत, तास मोजत आणि वहीत लिहीत. अशा कामावर कार्यक्रम निघत नाही, कारण त्यात वहीच जास्त वेळ दाखवावी लागेल. आमच्याकडे देवमासा बातमीत यायचा तर त्याला ओकावं लागतं. ‘देवमाशाची कोट्यवधींची उलटी जप्त’ हा मथळा दर काही महिन्यांनी कोकणातल्या पेपरांत असतोच.

दुसऱ्या टोकाला आंबोलीचा मासा. हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात लहानसे मासे पिढ्यान्‌पिढ्या पोहत होते, लोक पाया पडून तीर्थ घेऊन जात होते. २०२० साली शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की ही जगाला माहीत नसलेली प्रजाती आहे, आणि तिला हिरण्यकेशीचंच नाव दिलं. पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. म्हणजे जगात कुठेही न सापडलेला प्राणी जिल्ह्यात सापडला, आणि तोही बोटभर लांबीचा नाही. काकांनी फोटो पाहून “कडीक पुरचो नाय” एवढाच अभिप्राय दिला. देवाचा मासा आहे, तो कढीत घालायचा नसतो, हे आजीने लगोलग सुनावलं.

पण शोधायला न जाता घरपोच राक्षस कोणाला हवा असेल तर दोडामार्गला चला. २००२ साली कर्नाटकातून हत्ती तिथे उतरले आणि तेव्हापासून त्या भागाला हत्ती हा विषय पुरून उरला आहे. रात्री येतात, माड वाकवून कोवळा गाभा खातात, केळी सपाट करतात, भातात लोळतात. वीस वर्षं वाढवलेल्या बागेचा एका रात्रीत चोथा होतो. हा राक्षस दंतकथेतला नसल्यामुळे त्याच्यामागे वाहिनी येत नाही, पंचनामा येतो. आणि पंचनामा नीट पाहिला तर त्यात ‘फाइंडिंग बिगफूट’चं सगळं सामान आहे. पावलांचे ठसे बघायचे, मोडलेल्या झाडांचे फोटो काढायचे, साक्षीदार उभे करायचे, सह्या घ्यायच्या. फरक इतकाच की इथे साक्षीदार डोंबिवलीला नसतो.

तिकडच्या एका बागायतदाराची गजाल मी ऐकलेली. सकाळी पंचनाम्याला माणसं आली. बागेत उभं असं काही राहिलं नव्हतं.

“तुम्ही स्वतः पाहिलात हत्ती?”

“मी स्वता बगलंय. ह्या डोळ्यांनी. ह्या पडवीत उभो रवान.”

“फोटो आहे?”

त्याने मोबाइल पुढे केला. फोटोत काळोख होता, आणि त्या काळोखात एक आणखी काळा काळोख. हात कापत होता, त्यामुळे तोही हललेला.

“यात काही कळत नाही हो. जरा स्पष्ट फोटो मिळाला असता तर बरं झालं असतं.”

बागायतदाराने मोबाइल खिशात टाकला.

“होय, होय. आज रात्री इलो काय सांगतंय तेका, उद्या जरा उजवाडात ये म्हणान.”